फुटपाथवर वाटलेली पत

जानेवारी १९९८. सोलमधल्या बँकांच्या शाखांसमोर कडाक्याच्या थंडीत रांगा लागल्या होत्या. देश बुडाल्याची बातमी आली की लोक बँकेतून पैसे काढायला धावतात. इथे लोक घरातलं सोनं घेऊन आले होते. लग्नातल्या अंगठ्या, साखळ्या, खेळाडूंची पदकं, आणि बाळांच्या इवल्या अंगठ्या. कोरियात मूल वर्षाचं झालं की नातेवाईक त्याला सोन्याची अंगठी देतात, आपल्याकडे आजोळहून वाळे-बिंदल्या येतात तशी. अशी अंगठी बहुधा एक ‘डोन’ वजनाची, म्हणजे पावणेचार ग्रॅमची असते. आपल्या तोळ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. काउंटरवर ती तराजूत पडायची, पावती मिळायची, सोनं वितळवून परदेशी विकलं जायचं आणि मोबदला मागाहून देशी चलनात यायचा. फुकट कुणी देत नव्हतं. पण मुलाच्या वाढदिवसाची अंगठी वितळवायला देणं हा बाजारातला व्यवहारही नव्हता. १९६२ च्या चीन युद्धात आपल्याकडे बायकांनी हातातल्या बांगड्या उतरवून दिल्या होत्या, त्याच जातीची ही गोष्ट. सुमारे ३५ लाख माणसांनी मिळून २२७ टन सोनं जमा केलं.

आता दुसरी यादी. २००३ च्या अखेरीस कोरियात ३७ लाख माणसांची नावं एका सरकारमान्य नोंदीत होती. कर्ज थकवणाऱ्यांची ही नोंद. त्यातल्या बहुतेकांच्या नावापुढे क्रेडिट कार्डाचं देणं होतं. सोनं देणारे ३५ लाख आणि कर्ज बुडवणारे ३७ लाख ही तीच माणसं होती असं म्हणायला आधार नाही. काही नक्कीच असतील. पण मधे गेली फक्त सहा वर्षं. सहा वर्षांत देशाचं चारित्र्य बदलत नाही. मग काय बदललं?

जे बदललं ते सरकारने, कंपन्यांनी आणि लोकांनी मिळून बदललं, आणि सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती.

नोव्हेंबर १९९७ मध्ये कोरियाची परकीय गंगाजळी आटली आणि देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभा राहिला. मदतीचं एकूण पॅकेज ५८ अब्ज डॉलरच्या आसपास होतं आणि त्याबरोबर अटींची भली मोठी यादी. हे संकट आणलं होतं मोठ्या उद्योगसमूहांनी. बँकांकडून वाटेल तेवढी कर्जं उचलून त्यांनी कारखान्यांवर कारखाने चढवले होते. अटींप्रमाणे त्यांना आता कर्ज कमी करायचं होतं. म्हणजे बँकांचं नेहमीचं गिऱ्हाईक गेलं. कामगार कपात सुरू झाली, लोकांनी खर्च आवरला, आणि १९९८ मध्ये अर्थव्यवस्था ५ टक्क्यांहून जास्त आकसली. फेब्रुवारीत किम दे-जुंग राष्ट्राध्यक्ष झाले. आयुष्याची कित्येक वर्षं त्यांनी लष्करी राजवटींच्या तुरुंगात आणि नजरकैदेत काढली होती, आणि सत्ता हाती आली ती रिकामी तिजोरी घेऊन.

त्यांच्या सरकारपुढे दोन कोडी होती. लोकांनी पुन्हा खर्च करावा कसा, हे एक. दुसरं जुनं होतं: छोटे दुकानदार, खानावळवाले, डॉक्टर-वकील रोखीत धंदा करत आणि उत्पन्न लपवत. पगारदाराचा कर पगारातूनच कापला जाई आणि नाक्यावरचा खाटीक मात्र आयकर खात्याला गरीब दिसे. ही तक्रार आपल्या कुठल्याही नोकरदाराला समजावून सांगायला नको.

क्रेडिट कार्डाने दोन्ही कोडी सुटत होती. कार्डाने पैसे दिले की व्यवहाराची नोंद राहते आणि दुकानदाराला विक्री दडवता येत नाही. शिवाय कार्ड हातात असलं की माणूस जरा सैल हाताने खर्च करतो. मग १९९९ मध्ये सरकारने एकापाठोपाठ एक दारं उघडली. आधी, कार्डावरून महिन्याला जास्तीत जास्त ७ लाख वॉन रोख उचलता येत. त्या वेळच्या भावाने साधारण २५ हजार रुपये. मे महिन्यात ही मर्यादाच काढून टाकली. त्याच वर्षी करसवलत आली: वर्षाच्या पगाराच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च कार्डाने केला तर वरच्या रकमेचा काही भाग करपात्र उत्पन्नातून वजा. ही सवलत ठरावीक वर्षांपुरतीच आहे असं कायद्यातच लिहिलं होतं. ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि २००० च्या जानेवारीपासून लॉटरी. कार्डाने घेतलेल्या वस्तूची पावती हेच लॉटरीचं तिकीट. दर महिन्याला सोडत आणि पहिलं बक्षीस १० कोटी वॉन. सरकार स्वतःच नागरिकाला सांगत होतं की पैसे खिशात ठेवू नकोस, कार्ड घास, कदाचित नशीब उघडेल. कल्पना हुशार होती यात शंका नाही, आणि करवसुलीच्या बाजूने ती यशस्वीही झाली. दडलेल्या विक्रीचे आकडे उजेडात आले. त्यामुळेच पुढची काही वर्षं हे चुकतंय असं म्हणणाऱ्याला उत्तर तयार असायचं: वसुली पाहा, वाढीचा दर पाहा.

कार्डाचे दोन उपयोग होते आणि गफलत तिथेच झाली. एक, दुकानात वस्तू घेणं. दुसरा, यंत्रातून रोख रक्कम उचलणं. कोरियात याला ‘रोख सेवा’ म्हणत. नाव असं की जणू कुणी पाणी आणून देतंय. करवसुलीला उपयोग फक्त पहिल्याचा. दुकानदाराची विक्री त्यातूनच कळणार. रोख उचलीतून सरकारला काहीच कळत नाही. तो सरळ सरळ सावकारी व्यवहार आहे. पण मर्यादा उठवली ती नेमकी त्याच्यावरची, आणि कंपन्यांना कमाई दिसली तीही तिथेच. वस्तूखरेदीवर दुकानदाराकडून दोन-तीन टक्के सुटत. रोख उचलीवर वर्षाला २० टक्क्यांच्या पुढे व्याज. कुणीही धंदेवाला काय करेल? थोड्याच काळात कार्डांवरच्या एकूण उलाढालीत निम्म्याहून जास्त हिस्सा रोख उचल आणि कार्डकर्जाचा झाला. नाव खरेदीच्या कार्डाचं, धंदा सावकारीचा.

आता कार्ड मिळायचं कसं ते पाहा. आपल्याकडे मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर टेबल टाकून, टाय लावून उभी असलेली मुलं आठवा. सोलच्या भुयारी रेल्वेच्या तोंडाशी, बाजारपेठांत, करमणूक उद्यानांच्या फाटकांवर अशी टेबलं २००० ते २००२ या काळात ओळीने लागलेली असत. एजंटला दर कार्डामागे पैसे. टेबलावर भेटवस्तू, नाहीतर उद्यानाचं फुकट तिकीट. फॉर्मवर नाव, ओळख क्रमांक आणि सही. उत्पन्नाचा रकाना एजंटच भरून टाकी. मार्चमध्ये विद्यापीठांची सत्रं सुरू होतात तेव्हा टेबलं फाटकाबाहेर सरकत, कारण अठरा-एकोणीस वर्षांचं नवं गिऱ्हाईक त्या दारातून आत जात असे. त्याला उत्पन्न नाही हे सगळ्यांना ठाऊक. वडिलांना आहे हेही ठाऊक. पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलांना कार्डं दिल्याबद्दल मार्च २००२ मध्ये काही बड्या कंपन्यांना दोन महिने नवं कार्ड देण्यास मनाई झाली. धंदा किती जोरात होता हे त्या शिक्षेवरूनच कळतं: दोन महिने थांबणं ही शिक्षा वाटावी इतका.

पत म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याकडे हा शब्द हिशेबाचाही आहे आणि अब्रूचाही. पतपेढीतला तोच आणि ‘त्याची गावात पत आहे’ यातलाही तोच. पत कमवायला वर्षं लागतात असं आजवर मानलं गेलं. वाण्याकडे उधारीचं खातं सुरू व्हायचं तर आधी दोन-तीन पिढ्या त्या गल्लीत राहिल्या पाहिजेत, निदान घर कुठलं ते वाण्याला ठाऊक पाहिजे. इथे ती पत चहा थंड व्हायच्या आत मिळत होती, वर छत्री भेट.

कार्डांचे आकडे बघा. १९९९ च्या अखेरीस ३ कोटी ९० लाख. पुढच्या वर्षी ५ कोटी ७९ लाख. मग ८ कोटी ९३ लाख. आणि २००२ संपताना १० कोटी ४८ लाख. देशाची लोकसंख्या पावणेपाच कोटी, तान्ही मुलं आणि म्हातारे धरून. काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या माणसामागे सरासरी चाराहून जास्त कार्डं. तुलनेसाठी: भारतात चालू क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींवर गेली ती २०२४ मध्ये, १४० कोटी लोकांत. कोरियातली कार्डांवरची वार्षिक उलाढाल १९९९ मध्ये ९१ लाख कोटी वॉन होती, ती तीन वर्षांत ६२० लाख कोटींच्या पुढे गेली. सातपट. पगार काही सातपट झाले नव्हते.

त्या काळातल्या जाहिराती आजही कोरियन माणसाला तोंडपाठ आहेत. बीसी कार्डाच्या जाहिरातीत किम जंग-उन ही अभिनेत्री सगळ्यांना ओरडून शुभेच्छा देते: श्रीमंत व्हा! २००२ च्या नववर्षाला लोक एकमेकांना ‘सुखी राहा’ म्हणायचं सोडून हेच म्हणू लागले. ह्युंदाई कार्डाची जाहिरात राबणाऱ्या माणसाला सांगे की पुष्कळ कष्ट केलेस, आता निघ फिरायला. एलजी कार्डाकडे ली यंग-ए होती, तेव्हाची सगळ्यांत लाडकी नटी. चार वर्षांपूर्वी ज्यांनी देशासाठी अंगठ्या दिल्या त्यांना आता कुणीतरी सांगत होतं की त्याग पुरे झाला. यात मला फसवणुकीपेक्षा थकवा जास्त दिसतो. १९९८ मध्ये नोकऱ्या गेलेल्या, पगार घटलेल्या घरांना कुणीतरी ‘आता जगा’ म्हणणारं हवंच होतं. घरगुती बचतीचा दर, जो १९९८ मध्ये २० टक्क्यांच्या वर होता, २००२ पर्यंत तळाला गेला. कोरियाने ऑगस्ट २००१ मध्ये नाणेनिधीचं कर्ज मुदतीच्या बऱ्याच आधी फेडलं आणि त्याचा उत्सव झाला. देश कर्जमुक्त होत होता त्याच महिन्यांत घरं कर्जात शिरत होती.

आता जरा जवळून पाहू. समजा एक कारकून आहे, महिना २० लाख वॉन पगार. त्याच्याकडे चार कार्डं. आईचं आजारपण निघालं, की धाकट्या भावाची फी, की खरोखरच नुसती चैन, काहीही धरा; त्याच्यावर ५० लाख वॉन देणं झालं. पहिल्या कार्डाचं बिल ५ तारखेला. पैसे नाहीत, म्हणून दुसऱ्या कार्डावरून रोख उचलून पहिलं भरलं. दुसऱ्याचं बिल १५ तारखेला, ते तिसऱ्यावरून. तिसऱ्याचं २५ तारखेला, ते चौथ्यावरून. तोवर पहिल्या कार्डाची मर्यादा पुन्हा मोकळी झाली, कारण त्याचं बिल तर वेळेवर भरलं आहे. कोरियन भाषेत याला एक नेमका शब्द आहे, तोल्ल्योमाक्की: फिरवून फिरवून भोक बुजवणं. आपण याची टोपी त्याच्या डोक्यावर म्हणतो. महिन्याला २ टक्के व्याज धरलं तर या खेळात ५० लाखांचे दोन वर्षांत ८० लाख होतात, आणि त्याने या दोन वर्षांत एक रुमालही विकत घेतलेला नसतो.

यातली खरी गंमत ही की फिरवाफिरवी चालू असेपर्यंत हा कारकून चारही कंपन्यांच्या दृष्टीने उत्तम गिऱ्हाईक असतो. बिल वेळेवर, वापर भरपूर. उलट त्याची मर्यादा वाढवून मिळते. चारही कार्डं एकाच माणसाची आहेत हे ज्याला त्याला दिसेल अशी व्यवस्था नव्हती. थकबाकीदाराची माहिती कंपन्यांना मिळे, पण न थकवणाऱ्याच्या डोक्यावर एकूण किती देणं आहे, हे पूर्णपणे कुणालाच दिसत नसे. सगळी माहिती एकत्र करणारी ‘कोरिया क्रेडिट ब्युरो’ सुरू झाली २००५ मध्ये. घोडा पळून गेल्यावर तबेल्याला दार.

चारही कार्डांची मर्यादा संपली की पुढची पायरी ‘कांग’. दुकानदाराकडे जायचं, वस्तू घेतल्याचं खोटं बिल करायचं, आणि दहा-वीस टक्के कापून उरलेली रोकड घ्यायची. नाक्यांवर, वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत असे ‘कर्ज सोडवून देणारे’ उघड मिळत. कार्ड घासून रोकड देणारी दुकानं मुंबई-पुण्यातही ज्यांनी शोधली त्यांना सापडली आहेत, तेव्हा हा कोरियन स्वभावाचा दोष समजू नये. करचुकवी पकडण्यासाठी ज्या पावतीला बक्षीस लावलं होतं, तीच पावती आता खोटी बनत होती.

आता कंपन्यांकडे वळू, कारण त्यांचं वागणं आपल्या कारकुनापेक्षा निराळं नव्हतं.

एलजी, सॅमसंग यांच्या कार्ड कंपन्या बँका नव्हत्या. त्यांच्याकडे ठेवी नव्हत्या. लोकांना वाटायला लागणारा पैसा त्या बाजारात रोखे विकून उभा करत. मुदत संपली की नवे रोखे विकून जुने भागवायचे. गिऱ्हाईक हप्ता देऊ शकला नाही तर त्याला त्याच कंपनीकडून नवं कर्ज द्यायचं आणि त्यातून जुनं फिटल्याचं दाखवायचं. हिशेबात थकबाकी दिसत नाही. हे त्यांनी सर्रास केलं. कारकून चार कार्डांत जे फिरवत होता तेच त्या लाखो खात्यांत फिरवत होत्या. फरक इतकाच की त्यांच्याकडे त्यासाठी शिकलेले हिशेबनीस होते. २००१ मध्ये कंपन्यांनी विक्रमी नफे दाखवले. एप्रिल २००२ मध्ये एलजी कार्डाचा शेअर बाजारात आला. कार्ड कंपन्यांत तेव्हा ती पहिल्या क्रमांकावर होती.

कुणाला दिसत नव्हतं असं नाही. २००१ मध्येच वित्तीय देखरेख यंत्रणेने रस्त्यावरची कार्डविक्री बंद करण्याचा प्रस्ताव मांडला होता. सरकारच्याच नियमन सुधारणा समितीने तो अडवला. संकटानंतर ‘नियम कमी करा’ हा मंत्र झाला होता, आणि नवा नियम आणणारा मागासलेला ठरे. शिवाय २००१ मध्ये जगभर निर्यात मंदावली होती आणि कोरियाची गाडी घरच्या खर्चावरच चालली होती. २००२ मध्ये वाढीचा दर ७ टक्क्यांच्या आसपास राहिला. त्या वर्षी जूनमध्ये विश्वचषक फुटबॉलचे सामने कोरियात, सगळं सोल शहर लाल सदऱ्यांत रस्त्यावर. अशा वेळी पार्टीतलं संगीत कोण बंद करणार? केलं, पण २००२ च्या मध्यावर: रस्त्यावरची विक्री बंद, रोख उचलीच्या प्रमाणावर बंधन, मर्यादांना कात्री. कारकुनाची गोष्ट लक्षात आहे ना? तो जगत होता मर्यादेवर. चारातल्या एका कंपनीने हात आखडला की साखळी तुटते, आणि एका महिन्यात तो उत्तम गिऱ्हाइकाचा बुडवा होतो. लाखोंच्या बाबतीत नेमकं हेच झालं. उशिरा आलेल्या शहाणपणाने बुडणं थोडं लवकर घडवून आणलं.

मार्च २००३ मध्ये एसके ग्लोबल या बड्या कंपनीच्या हिशेबात प्रचंड लबाडी सापडली. कार्डांशी तिचा संबंध नव्हता, पण रोखेबाजार घाबरला आणि कार्ड कंपन्यांचे रोखे घ्यायला कुणी तयार होईना. एप्रिलच्या सुरुवातीला सरकारने बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड सगळ्यांना बसवलं आणि कार्ड कंपन्यांच्या देण्यांची मुदत वाढवून घेतली, शिवाय नवा पैसा पुरवायला लावला. जे मागायला थकलेला कारकून वसुलीवाल्यासमोर हात जोडत होता, ते कंपन्यांना एका बैठकीत मिळालं.

वसुलीवाल्यांविषयी फार लिहवत नाही. दिवसातून वीस-वीस फोन, ऑफिसात साहेबासमोर, सासरी, म्हाताऱ्या आईबापांकडे. कुटुंबच्या कुटुंब संपल्याच्या बातम्या २००३ च्या उन्हाळ्यात कोरियन वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. जुलैत इंचॉनमध्ये कार्डांच्या कर्जाने गांजलेल्या एका आईने मुलांसह आयुष्य संपवलं तेव्हा सगळा देश हादरला. त्यापुढचं तपशिलात सांगण्यासारखं नाही.

मग नोव्हेंबर. एप्रिलला पुढे ढकललेलं संकट परत आलं ते थेट एलजी कार्डाच्या दारात. २१ नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात कंपनीकडे यंत्रांतून द्यायला पैसा उरला नाही आणि तिची रोख सेवा बंद पडली. एक कोटीहून जास्त ग्राहक असलेली, देशातली सगळ्यांत मोठी कार्ड कंपनी, आणि यंत्रात कार्ड घातलं तर पैसे नाहीत. फिरवाफिरवीवर जगणाऱ्यांचे त्या दिवसांत काय हाल झाले असतील याची कल्पनाच केलेली बरी. आठ बँकांनी मिळून २ लाख कोटी वॉन ओतले तेव्हा यंत्रं पुन्हा चालू झाली. बँकांनी तारण मागितलं, तेव्हा समूहाचे अध्यक्ष गू बोन-मू यांना स्वतःचे शेअर गहाण ठेवावे लागले. कंपनी विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळेना. शेवटी २००४ च्या सुरुवातीला सरकारी विकास बँकेने ती हाती घेतली आणि एलजी समूहाने आर्थिक धंद्यातून अंग काढलं. २००३ या एका वर्षातला तिचा तोटा ५ लाख ६० हजार कोटी वॉन. सगळ्या कार्ड कंपन्यांचा मिळून १० लाख कोटींच्या वर. कुकमिन, वूरी, कोरिया एक्स्चेंज बँक यांच्या वेगळ्या कार्ड कंपन्या आपापल्या बँकांच्या पोटात परत गेल्या.

आणि ३७ लाखांची ती यादी. पुढच्या एप्रिलपर्यंत ती ३८ लाखांवर गेली. काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या सहा माणसांमागे जवळपास एक. तिच्यात नाव यायला फार मोठं कर्ज लागत नसे. तीन लाख वॉन, म्हणजे तेव्हाचे अकरा-बारा हजार रुपये, तीन महिन्यांहून जास्त थकले की नाव चढलं. यादीतल्या माणसाला म्हणत ‘शिन्योंग बुल्ल्यांगजा’. शिन्योंग म्हणजे पत, विश्वास. बुल्ल्यांग म्हणजे बिघडलेलं, सदोष. कारखान्यातून जो नासका माल परत येतो त्यालाही हाच शब्द. सदोष पत असलेला माणूस. एकदा हा शिक्का बसला की बँकेत उभं करत नसत, आणि बऱ्याच ठिकाणी नोकरीच्या अर्जातही तो आडवा येई. म्हणजे कर्ज फेडायला नोकरी हवी, आणि कर्ज आहे म्हणून नोकरी नाही. यादीत विशीतले तरुणच लाखांनी होते. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर छत्री घेऊन फॉर्मवर सही केलेले.

या सगळ्या प्रकरणात मला सारखा खटकतो तो हा शब्द. उत्पन्नाचा रकाना स्वतः भरणारा एजंट, विद्यार्थ्याला मर्यादा वाढवून देणारा अधिकारी, थकबाकी नव्या कर्जात दडवणारा हिशेबनीस, यांच्यासाठी कोरियन भाषेत असा शब्द तयार झाला नाही, नोंदवही तर दूरच. कर्जात सवलतीची नुसती चर्चा सुरू झाली की वर्तमानपत्रं ‘नैतिक घसरण’ हे शीर्षक टाकत, म्हणजे आता लोक मुद्दाम बुडवतील. एप्रिल २००३ मध्ये कंपन्यांना मुदत मिळाली तेव्हा ते शीर्षक इतक्या सहज पडलं नव्हतं. कर्ज घेणाऱ्यांत चैनी होते, खोटारडे होते, हातात पैसा असूनही न देणारे होते. ते कबूल करायला हवं. तीन लाख माणसं बेजबाबदार निघाली असती तर मी लोकांना दोष दिला असता. अडतीस लाख निघतात तेव्हा मी टेबल कुणी मांडलं ते विचारतो.

विचारलं गेलंही. २००४ मध्ये सरकारी लेखापरीक्षण मंडळाने चौकशी करून धोरणं आणि देखरेख दोन्ही चुकल्याचं सांगितलं. कारवाई मात्र इतकी सौम्य झाली की तिची थट्टाच जास्त झाली. कर्जदारांसाठी २००२ पासूनच एक समझोता मंडळ होतं. २००४ मध्ये बुडीत कर्जं एकत्र गोळा करणारी व्यवस्था आली, मुद्दलाचा छोटा हिस्सा आधी आणि बाकी वर्षानुवर्षं हप्त्यांनी. त्याच वर्षी सप्टेंबरपासून नियमित कमाई असलेल्या माणसाला कोर्टातून कर्ज कमी करून घेण्याचा मार्ग खुला झाला. तोवर कोरियात साध्या माणसाने दिवाळं काढणं ही जवळपास न ऐकलेली गोष्ट होती.

एलजी कार्ड २००७ मध्ये शिन्हान समूहाने विकत घेतलं. ज्या सरकारी बँकेने आणि इतर बँकांनी नाइलाजाने पैसा घातला होता त्यांचा तो सुटला, आणि धंदा तोच राहिला. आज शिन्हान कार्ड देशातल्या अगदी मोठ्या कार्ड कंपन्यांत आहे. ‘शिन्योंग बुल्ल्यांगजा’ हा शब्द एप्रिल २००५ मध्ये कायद्यातून काढला गेला. त्याजागी ‘आर्थिक देणं न फेडलेला माणूस’ असा लांबलचक सरकारी शब्दप्रयोग आला. बोलण्यात जुनाच राहिला.

पावत्यांची लॉटरीही संपली. उरली आहे ती १९९९ ची करसवलत, ठरावीक वर्षांपुरती आणलेली. मुदत संपत आली की प्रत्येक सरकारने ती वाढवली, कारण पगारदारांचा हक्क झालेली गोष्ट काढून घ्यायची कुणाची छाती नाही. दर जानेवारीत कोरियातला नोकरदार वर्षभराच्या कराच्या हिशेबाला बसतो. कार्डावर किती खर्च झाला, पगाराच्या किती टक्के झाला, आणखी थोडा केला असता तर किती सुटले असते, याचं गणित घरोघर चालतं. हातात परत येणाऱ्या पैशाला तिथे गमतीने म्हणतात, तेराव्या महिन्याचा पगार.